जागा क्रमांक एक

आपा गेल्या तेव्हा सकाळचे सात वाजले होते. सव्वासातला वकीलसाहेबांच्या मनात एक विचार आला, आणि त्या विचाराची त्यांना पुढे कायम लाज वाटली. विचार एवढाच होता : आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस.

थोरली बहीण पलंगावर, चष्मा उशाशी, हनुवटी जराशी वर, मजकुरात चूक सापडल्यावर करायच्या तशी. आणि धाकटा भाऊ दारात उभा राहून बोटांवर दिवस मोजतोय. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी.

दिवस कसले, हे शहरातल्या प्रत्येक मुसलमान घराला पाठ होतं. एक्केचाळीस वर्षांच्या वकिलीत साहेबांनी नावामुळे भाड्याने घर न मिळालेल्या नर्सा सांभाळल्या, दाढीमुळे नोकरी गेलेले शिक्षक सांभाळले, चुकीच्या वेळी चुकीच्या गल्लीत उभी असलेली पोरं कोठडीतून सोडवून आणली. पण त्यांचा खरा खटला कब्रस्तानाचा. तो एकोणीस वर्षं चालला. जुन्या कब्रस्तानात तीन थर झाले होते. "आमच्यात मेलेल्या माणसालाही जरा सरकून घ्या म्हणावं लागतं," असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं आणि न्यायाधीश हसले. हसलेला न्यायाधीश जमीन देतो, असा साहेबांचा अनुभव होता. दिली. शहराबाहेर चार एकर.

मग नगरपालिकेचा वकील उठला. तो गोड आवाजात म्हणाला, इतकी निकड आहे तर नव्वद दिवसांत पहिलं दफन होईलच ना? झालं नाही, तर जमीन परत घ्यायला यांची हरकत नसावी.

हा सापळा आहे हे साहेबांना कळलं. पण 'नव्वद पुरणार नाहीत' म्हणावं, तर एकोणीस वर्षं गळा काढून सांगितलेली निकड खोटी पडते. ते म्हणाले, "नव्वद पुष्कळ झाले." हुकुमातल्या अटींचा मसुदा साहेबांनीच करून द्यायचा होता; तेच त्यातलं कलम सात.

त्यानंतर शहरात नेहमीच्या हिशेबाने माणसं मेली. सत्तावीस. सगळी जुन्या कब्रस्तानात गेली, सरकून घेऊन. पहिलं जायला कुणी तयार नव्हतं. चार एकरांत एकटं कसं ठेवायचं? दुसरं कुणी गेलं की आम्ही लगेच, असं प्रत्येक घर म्हणे. दुसऱ्या नंबरसाठी शहरात अक्षरशः रांग होती.

साहेब समाचाराला जात तेव्हा काखेत नकाशा असे. मग कुणी आजारी पडलं तरी जाऊ लागले. मग लोकांनी आजारी पडणंच लपवायला सुरुवात केली. एका टेलरने तर दार न उघडताच सांगितलं, "साहेब, वडील बरे आहेत. कालपासून तर जास्तच बरे आहेत."

आणि आता स्वतःच्याच घरात.

साहेबांनी आपांचा चष्मा उचलला, घडी घातली आणि परत तिथेच ठेवला. मग ते अम्मीला सांगायला गेले. अम्मी म्हणजे त्यांची बायको, पण पोरं झाल्यापासून घरात सगळेच तिला अम्मी म्हणत.

*

दहा वाजेपर्यंत हॉलमध्ये चौघं जमले होते, आणि चौघांनाही विषय माहीत असल्यामुळे कुणीच तो काढत नव्हतं.

ज्युनिअर वडिलांच्या शेजारी बसली होती. ती त्यांची मुलगी, आणि नऊ वर्षांपासून त्यांच्याच ऑफिसात त्यांची ज्युनिअर. आता घरातही तिला दुसरं नाव उरलेलं नव्हतं. खिडकीपाशी तिचा मोठा भाऊ उभा होता. तो डेंटिस्ट. लोकांच्या तोंडात हात घालून गप्पा मारायची सवय असल्यामुळे समोरच्याने उत्तर द्यावं अशी त्याची अपेक्षाच नसे. समोर धाकटे चाचा, साहेबांचे भाऊ. स्पेअर पार्टचं दुकान आणि जुन्या कब्रस्तानाची कमिटी असे त्यांचे दोन धंदे. एकातून कमाई होती आणि दुसऱ्यातून मान.

"भाई," चाचा शेवटी म्हणाले, "आईच्या शेजारी एक जागा आहे."

"अजून आहे?"

"आहे म्हणजे, ठेवलीय."

"कुणासाठी?"

चाचांनी चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता, तरी घेतला. "आपल्या घरासाठीच की."

"चाचा," ज्युनिअर हळूच म्हणाली, "रजिस्टरमध्ये त्या जागेसमोर तुमचं नाव आहे. केसमध्ये आपण ते पान लावलं होतं. झेरॉक्स मीच काढली."

"ते पेन्सिलने आहे."

"शाईने आहे. खाली सही पण आहे."

"बावीस वर्षं झाली त्याला," चाचा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दुःख होतं. "मी एकदा आडवा होऊनही बघितलंय तिथे. बरोबर बसतो."

चाचांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि एका क्षणात त्यांचं मत बदललेलं ज्युनिअरने डोळ्यांनी पाहिलं. साक्षीदार फुटतो तेव्हा आधी त्याचे खांदे उतरतात, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं.

"तसं बघितलं तर," चाचा म्हणाले, "नवी जागा वाईट नाही. मोकळी हवा आहे."

"मृत माणसाला हवेचा काय उपयोग?" डेंटिस्ट म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे, "अब्बा, मुदतवाढ मागा ना."

"मागितली. साठाव्या दिवशी. फेटाळली."

"काय म्हणाले?"

"न्यायाधीश हसले नाहीत."

साहेब उठून उभे राहिले. बसून त्यांना महत्त्वाचं बोलताच येत नसे. "हे बघा. आज चार वाजता दफन. आपा तिकडे गेली तर जमीन राहते. इकडे गेली तर परवा पालिका कुलूप लावते आणि पुढची पन्नास वर्षं कुणी इंचभर देणार नाही. पण घरच्यांचं एकमत नसेल तर मी कुणाची केस घेत नाही. ही पण घेणार नाही. एकानेही नाही म्हटलं तरी संपलं."

"माझी काही हरकत नाही," चाचा घाईघाईने म्हणाले.

"व्यवहार बघितला तर बरोबर आहे," डेंटिस्ट म्हणाला. "आणि आपांचं काय, त्या तशाही एकट्याच असायच्या."

"तेच," साहेब म्हणाले. "तिला सवय आहे."

हे वाक्य हॉलमध्ये पडलं तेव्हा अम्मी मागच्या खोलीच्या दारात उभी होती.

*

मागच्या खोलीत शेजारच्या दोघी आणि अम्मी मिळून आपांना आंघोळ घालत होत्या.

नणंद-भावजयीचं चाळीस वर्षं पटलं नव्हतं. भांडणाचं कारण स्वयंपाकघराची खिडकी. अम्मीला उघडी लागे, आपांना बंद. बाकीच्या घराला वाटे, खरं कारण दुसरं काहीतरी असणार. नव्हतं. खिडकीच होती. रोज सकाळी एक उघडायची आणि दुसरी येऊन लावायची, आणि दोघीही त्यावर एक अक्षर बोलत नसत. साहेब कोर्टात, पोरं शाळेत. दिवसभर त्या घरात दोनच बायका, एक टाइप करणारी आणि एक न करणारी.

अम्मीने आपांचा उजवा हात धुतला. बोटांची टोकं चपटी झाली होती. आधी मशीन, मग कॉम्प्युटर. साहेबांचा प्रत्येक अर्ज, प्रत्येक अपील, 'नम्र विनंती की' पासून खालच्या तारखेपर्यंत, या बोटांतून गेलेलं. वर्तमानपत्रात साहेबांचे फोटो यायचे. आपा ते कापून फाइलला लावायच्या आणि कात्री धुऊन ठेवायच्या. कात्री का धुवायची, हे अम्मीने कधी विचारलं नव्हतं. आता तिला ते फार विचारावंसं वाटलं.

टॉवेल आणायला ती बाहेर वळली आणि दारातच थांबली.

"कुणाला सवय आहे?" ती म्हणाली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

सगळे वळले.

"अगं, म्हणजे आपा…"

"तिला सवय नव्हती. तिची सवय तुम्हाला होती."

"अम्मी, आपण ठरवतोय…" डेंटिस्टने सुरुवात केली.

"तू दातांचं बघ." ती नवऱ्याकडे वळली. "तिचं लग्न ठरलं होतं, हे या पोरांना माहीत आहे?"

साहेबांनी चष्मा काढला. तो काढला की त्यांना समोरचं कुणी दिसत नसे, आणि म्हणूनच ते काढत.

"सांगा की. का मी सांगू? त्याच आठवड्यात यांची पहिली मोठी केस. अकरा मुलं कोठडीत, अकरा अर्ज, आणि टायपिस्ट पळाला होता. हे तिला म्हणाले, आपा, महिनाभर थांब. ती थांबली. मुलाकडचे नाही थांबले. अकराच्या अकरा मुलं सुटली, त्यांची लग्नं झाली, पत्रिका आल्या इथे. तिने सगळ्या जपून ठेवल्यात. आयुष्यभर मागच्या खोलीत ठेवलंत तिला. आता गावाबाहेर?"

"वहिनी, समाजाचा प्रश्न आहे," चाचा म्हणाले.

"मग समाजासाठी तुम्ही झोपा ना. सराव पण आहे तुम्हाला."

चाचा एकदम गप्प झाले. दिवसभर परत बोलले नाहीत. कमिटीवर आल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं.

साहेब सावकाश म्हणाले, "एक मत विरोधात. ठीक आहे. पण आपा असती तर काय म्हणाली असती, याचा विचार करा. ही केस तिची पण होती. एकोणीस वर्षं तिने टाइप केली. तिने नाही म्हटलं नसतं."

ज्युनिअर जमिनीकडे बघत होती. आपांचं एक वाक्य फक्त तिलाच माहीत होतं. बोललं तर नऊ वर्षांचं काम जातं. तिचं पहिलं मोठं काम. नाही बोललं, तर कुणाला कधीच कळणार नाही.

"अब्बा," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या होत्या."

"काय?"

"तुम्ही कलम सात डिक्टेट करत होता. आपांनी मध्येच हात थांबवला. आठवतंय?"

साहेबांना आठवलं. एक्केचाळीस वर्षांत आपांनी डिक्टेशन तोडलेलं ते एकदाच. "तिने विचारलं, पहिलं कोण?"

"आणि तुम्ही म्हणालात, मिळेल कुणीतरी. आणि फोन आला म्हणून बाहेर गेलात. मग त्यांनी पूर्ण टाइप केलं, प्रिंट काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आता मला नव्वद दिवस तब्येत सांभाळायला हवी."

डेंटिस्टला हसू आलं आणि ते चेहऱ्यावर येईपर्यंतच मेलं.

"मला वाटलं, गंमत करतायत," ज्युनिअर म्हणाली. "पण दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर चालायला लागल्या. सकाळी वीस फेऱ्या, संध्याकाळी वीस. गोळ्या वेळेवर. लोणचं बंद. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायच्या. काल सत्त्याऐंशीवी मारली. म्हणाल्या, आता तीनच."



अम्मी मटकन खुर्चीत बसली. गच्चीवरच्या त्या फेऱ्या तिने ऐकल्या होत्या. डोक्यावर धप धप धप, सकाळी ती अजून झोपेत असतानासुद्धा. तिला वाटलं होतं, मुद्दाम चाललंय. तिनेही मग मुद्दाम खिडकी सताड उघडी टाकली होती. तीन महिने.

साहेबांनी चष्मा परत घातला. त्यांनी एकेकाकडे बघितलं, जसं निकालानंतर कोर्टात मागे वळून बघतात. "जुन्या कब्रस्तानात फोन लावा," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त त्यात कुणी राहत नव्हतं. "जमीन जाऊ दे. मी पालिकेला कळवतो."

"अब्बा, एकोणीस वर्षं…"

"तिला नको होतं. संपलं."

डेंटिस्टने फोन काढला. नंबर लावला. समोर रिंग वाजायला लागली.

"ठेव तो," अम्मी म्हणाली.

"अम्मी, आता तर तुझ्याच मनासारखं…"

"ठेव म्हटलं ना." ती बाहीचं पाणी पिळत होती, एवढ्या लक्षपूर्वक, जणू ते कुणाला तरी परत द्यायचं होतं. "तिला तिथे जायचं नव्हतं असं नाही. तिला एकटीला जायचं नव्हतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही वकील, तुम्हाला कळायला हवं. तिने टाइप केलेला कागद वाया गेला तर ती मला झोपू देणार नाही. तिकडेच न्या."

"मग?"

"मग काही नाही. दोन नंबर माझा."

"बघू," साहेब म्हणाले.

एक्केचाळीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या अशिलाला 'बघू' म्हटलं होतं, त्याचं काम झालं नव्हतं. अम्मीला हे माहीत होतं. ती टॉवेल घेऊन आत गेली.

*

चार एकर म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही.

जमीन सपाट होती आणि भोवती नवी कोरी भिंत. आत झाड नाही, दगड नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे, जागा क्रमांक एक. नकाशा साहेबांनीच काढला होता : कोपऱ्यापासून सुरुवात, ओळीने पुढे, म्हणजे जागा वाया जात नाही. एक नंबरच्या डावीकडे भिंत, डोक्याशी भिंत. त्यामुळे एक नंबरला शेजारी एकच.

माणसं बरीच आली होती. गेले तीन महिने साहेबांना बघून दार लावणारी सगळी. टेलरही होता, वडिलांना घेऊन. ते खरंच जास्त बरे दिसत होते. नमाज झाली, मूठमूठ माती झाली. पालिकेच्या इन्स्पेक्टरने फॉर्मवर तीन ठिकाणी सह्या घेतल्या, आणि 'वापर सुरू' असा शिक्का मारला. शिक्का मारताना तो हळूच म्हणाला, "जिंकलात साहेब." साहेबांनी मान हलवली. जाता जाता दोघातिघांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, आता दोन नंबरचं कसं करायचं, आमच्या आजी बऱ्याच थकल्यात.

गर्दी पांगली. बायका तोवर फाटकाबाहेर गाडीत थांबल्या होत्या. मग अम्मी आत आली, एकटीच, हातात प्लॅस्टिकची खुर्ची. म्हाताऱ्या मंडळींसाठी चार खुर्च्या आणल्या होत्या, त्यातली एक. एवढ्या मोकळ्या जमिनीवरून ती चालत येत होती आणि बराच वेळ नुसती येतच होती. ज्युनिअर फाटकाशी थांबून बघत होती.

अम्मीने ताज्या मातीच्या उजव्या बाजूला दोन पावलं मोजली, खुर्ची ठेवली आणि बसली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"दोन नंबर."

"अगं, जागा राखून ठेवता येत नाही. कलम अकरा. कुणालाही नाही, कुठल्याही घराला नाही. चाचासारखे लोक आहेत म्हणून मीच घातलंय ते."

"मग खोडा."

"कोर्टाचा हुकूम आहे तो. खोडता येत नाही. जो पुढचा जाईल, त्याची ही जागा."

"म्हणजे टेलरच्या वडिलांच्या आधी मला जावं लागेल."

"असं बोलू नकोस."

"हिशेब सांगतेय. ते बघितलेत ना कसे टुणटुणीत आहेत? मला वेळ आहे." तिने पदर सारखा केला. "आणि चाळीस वर्षं तुमचं ऐकतेय. कब्जा म्हणजे काय, मला कळतं. मी बसलेय. उठवायचं असेल तर नोटीस द्या."

"नोटीस टाइप कोण…" साहेब म्हणाले आणि तिथेच थांबले.

वाऱ्याने मातीचा वरचा पापुद्रा थोडा उडाला. अम्मीने वाकून तो हाताने दाबला, पोळपाटावरचं पीठ सारखं करावं तसा.

"बरं," साहेब म्हणाले. "तू इथे. मग मी? जरा सरकलीस तर मधे…"

"मधे नाही. आमच्या मधे तुम्ही पुष्कळ वर्षं होतात."

ती रागावून बोलली नव्हती. रागावली असती तर साहेबांना उत्तर सुचलं असतं.

इन्स्पेक्टर फाटकाशी घड्याळ बघत होता. साहेब सावकाश खुर्च्यांपर्यंत गेले, एक उचलली, परत आले. अम्मीच्या पलीकडे दोन पावलं मोजली. तीन नंबर. तिथे बसल्यावर त्यांना आपांची माती दिसत नव्हती. मधे अम्मी होती. त्यांनी पुढे वाकून बघितलं. तरी नाही.

तिघं एका ओळीत, बाकी चार एकर रिकामे.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"खिडकी लाव म्हणतेय," अम्मी म्हणाली, आणि मग तिला जे रडू आलं ते थांबायला बराच वेळ लागला. साहेबांनी हात पुढे केला. दोन जागांमधलं अंतर त्यांनीच नियमाप्रमाणे ठेवलं होतं, त्यामुळे तो पोचला नाही. ते खुर्ची सरकवायला उठले.

तेवढ्यात इन्स्पेक्टर आला. अवघडून उभा राहिला. "साहेब, सहा वाजले. फाटक लावायचंय."

"आपा एकटी आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण रात्री आत कुणाला थांबता येत नाही. कलम पंधरा." त्याने कागद पुढे केला. शेवटचं पान होतं, सुबक टाइप केलेलं, एकही खाडाखोड नाही, आणि खाली साहेबांचीच सही.